ऑफिस अपग्रेड केलं: एकाचं काहीच अडलं नाही, दुसऱ्याचं सगळंच अडलं

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा सपोर्ट थांबवला. विंडोज १० चाही त्याच दिवशी. सपोर्ट थांबला म्हणून प्रोग्राम बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशीही वर्ड उघडतो, एक्सेल बेरजा करतो. सुरक्षेतल्या फटी बुजवणारे अपडेट मात्र येईनासे होतात. त्या तारखेच्या आगेमागे शाळा, पतसंस्था, सीएंची कार्यालयं, झेरॉक्स-टायपिंगची दुकानं अशा कितीतरी ठिकाणी नवं ऑफिस टाकायची वेळ आली. आणि दर अपग्रेडला दिसतात तशी दोन तऱ्हेची माणसं पुन्हा दिसू लागली. एक म्हणतो, "काय एवढं? रंग बदललाय, बाकी तेच आहे." दुसरा म्हणतो, "पार वाट लागली. जुनंच परत टाका."

दोघंही खरं बोलत असतात. 'अपग्रेड' म्हणून आपण एकच शब्द वापरतो, पण त्या एका दिवसात चेहरा, फाइलचा साचा, फॉन्ट, विंडोजच्या सेटिंग्ज, पैसे भरायची पद्धत असं बरंच काही एकदम हलतं. तुमचं काम यातल्या कशावर उभं आहे, त्यावर तुमचा अनुभव ठरतो. आणि माझ्या मते सर्वांत जास्त छळणारा बदल बहुतेक वेळा ऑफिसच्या आत नसतोच, आजूबाजूला असतो. म्हणून तर तो सापडत नाही.

मेनू कुठे गेला?

डोळ्यांना आधी दिसतो तो चेहरा. त्यातला सगळ्यात मोठा धक्का २००७ सालचा. ऑफिस २००३ पर्यंत वर फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट, टूल्स अशी ओळ असायची. एमएस-सीआयटीच्या वर्गात कित्येकांनी ती ओळ पाठ केली होती. ऑफिस २००७ ने ती काढून टाकली आणि रिबन नावाची जाडजूड पट्टी आणली. फाइल मेनूच्या जागी कोपऱ्यात एक गोल बटण आलं, त्यावर 'फाइल' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते दाबायचं असतं हेच अनेकांना कळेना. प्रिंट शोधत माणसं बसून राहायची. २०१० च्या आवृत्तीत 'फाइल' हे नाव मुकाट्याने परत आलं.

हा उपद्व्याप केला कशाला? वर्डच्या पहिल्या आवृत्तीत शंभरेक कमांड होत्या, वर्ड २००३ पर्यंत त्या दीड हजारांवर गेल्या. लोक ज्या सोयी मागत होते त्यांतल्या बऱ्याच आत होत्याच, फक्त मेनूच्या पोटातल्या मेनूत कुणाला सापडत नव्हत्या. मायक्रोसॉफ्टने वापराची आकडेवारी जमवली तेव्हा दिसलं, की पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाचच कमांड मिळून वर्ड २००३ च्या एकूण वापराचा जवळपास तिसरा हिस्सा होतो. उरलेले दोन हिस्से शेकडो कमांडवर पसरलेले.

या आकड्यातच अर्धं उत्तर आहे. साधी पत्रं टाइप करणाऱ्याचं या पाच कमांडवर भागतं आणि त्या कुठल्याही आवृत्तीत हाताशीच असतात. मेल मर्जने (एकाच मजकुरात यादीतली नावं भरणाऱ्या सोयीने) थकबाकीच्या नोटिसा काढणारा कारकून किंवा तळटीपांशी झुंजणारा पीएचडीचा विद्यार्थी यांचं काम कुठल्या तरी कोपऱ्यातल्या कमांडवर चालतं. ती जागची हलली की त्यांचा दिवस गेला.

गंमत अशी, की जुन्या मेनूंच्या कीबोर्ड-वाटा नव्या एक्सेलने जपून ठेवल्या आहेत. ऑल्ट दाबून मग ई, एस, व्ही: पेस्ट स्पेशलमधून नुसते आकडे चिकटवायची ही जुनी रीत. तो एडिट मेनू जाऊन जमाना झाला, तरी ती आजही चालते. त्यामुळे बोटांनी काम करणाऱ्या जुन्या अकाउंटंटला नव्या चेहऱ्याचा त्रास सर्वांत कमी होतो आणि माउसने चित्रं शोधणाऱ्या तरुणाला जास्त.

फाइलच्या पोटात

२००७ मध्येच फाइलचा साचाही बदलला. जुन्या डॉक किंवा एक्सएलएस फाइलची आतली मांडणी मायक्रोसॉफ्टच्या घरातली होती, बाहेरच्यांनी ती अंदाजाने उलगडायची. नवी डॉकएक्स म्हणजे चक्क एक झिप फाइल आहे. खोटं वाटत असेल तर एखाद्या फाइलची प्रत काढा, नावाच्या शेवटी डॉकएक्सऐवजी झिप लिहा आणि उघडा. आत 'वर्ड' नावाच्या फोल्डरात तुमचा मजकूर एक्सएमएलमध्ये दिसेल आणि त्याच्याच पोटातल्या 'मीडिया' फोल्डरात तुमचे फोटो. बिघडलेल्या फाइलमधले फोटो कधी कधी या वाटेने वाचवता येतात.

हा साचा २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला, पण सरळ रेषेत नाही. भारताने विरोधात मत दिलं होतं, आणि नंतर ब्राझील, दक्षिण आफ्रिका व व्हेनेझुएलाबरोबर अपीलही केलं. ते फेटाळलं गेलं. ओडीएफ नावाचं खुलं मानक २००६ पासून असताना दुसरं कशाला, हा तेव्हाचा वाद होता.

साचा बदलल्याचा फायदा एक्सेलमध्ये ठळक दिसतो. जुन्या एक्सएलएसमध्ये एका शीटवर ६५,५३६ ओळी मावायच्या, नव्या साच्यात १०,४८,५७६ मावतात. आता कोण वापरतंय एक्सएलएस, असं वाटेल. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०२० साली, ऐन कोरोनात, प्रयोगशाळांचे निकाल या जुन्या साच्यात ओढले. ओळी संपल्यावर पुढची माहिती गळून गेली. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही लांबला. प्रोग्राम नवा असूनही फाइल जुन्या साच्यातच सेव्ह होत राहते, ही परिस्थिती आपल्याकडेही कैक कचेऱ्यांत आहे. शीर्षकपट्टीवर 'कम्पॅटिबिलिटी मोड' असं दिसलं तर समजायचं, की नवा प्रोग्राम ही फाइल जुन्या नियमांनी चालवतोय. वर्डमध्ये 'कन्व्हर्ट' दाबलं की पान नव्या नियमांनी मांडलं जातं आणि ओळी इकडच्या तिकडे सरकू शकतात. करारनामा, निकालपत्रक असलं काही असेल तर आधी प्रत काढा.

जुन्याशी जुळवून घ्यायचा हा सोस कुठवर जातो, त्याचा एक नमुना सांगतो. लोटस १-२-३ या एकेकाळच्या लोकप्रिय प्रोग्रामने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, जे ते नव्हतं. लोटसच्या फाइल्स जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक समजून-उमजून उचलली. आजच्या एक्सेलमध्येही एखाद्या खान्यात ६० लिहून त्याला तारखेचं रूप द्या, २९ फेब्रुवारी १९०० अशी कधीच न उगवलेली तारीख दिसेल.

उलट दिशेचा घोळ जास्त भांडणं लावतो. तुमच्याकडे नवं एक्सेल आहे, तुम्ही एक्सलुकअप हे नवं सूत्र वापरून तक्ता केला आणि २०१६ वापरणाऱ्या शाखेला पाठवला. तिथे उघडल्यावर आकडे बरोबर दिसतात, कारण शेवटचं उत्तर फाइलमध्ये साठवलेलं असतं. तिथल्या माणसाने एखादा आकडा बदलला, पुन्हा हिशेब झाला, की उत्तराच्या जागी '#NAME?' अशी चूक येते. तो म्हणतो फाइल खराब, तुम्ही म्हणता इथे तर चालते.

लाखाचे कॉमे आणि मराठीचे फॉन्ट

आता शेजारपाजार. नवं ऑफिस पुष्कळदा नव्या कॉम्प्युटरबरोबर येतं आणि नव्या कॉम्प्युटरवर विंडोजचा प्रदेश अमेरिका असा ठेवलेला असू शकतो. परिणाम? १,२५,००० च्या जागी १२५,००० दिसतं. एक्सेल कॉमे कुठे द्यायचे हे विंडोजच्या रीजन सेटिंगला विचारतं. रीजन भारत केला की लाख-कोटी परत येतात. कॉमे निदान डोळ्यांना खटकतात तरी, तारखा बेमालूम फसवतात. सीएसव्ही (कॉम्यांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलमधली ०३/०४/२०२५ ही तारीख भारतीय सेटिंगवर ३ एप्रिल असते, अमेरिकन सेटिंगवर ४ मार्च. १२ च्या पुढचे दिवस आले की एक्सेलला ती तारीखच वाटत नाही आणि तो मजकूर म्हणून सोडून देतो. एकाच रकान्यात अर्ध्या तारखा डावीकडे, अर्ध्या उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या तर रोग हाच. शिव्या मात्र एक्सेलला बसतात.

मराठीत काम करणाऱ्यांचं दुखणं आणखी खोल आहे. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतोच. फाइलमध्ये साठतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की ठरावाचं पान म्हणजे निरर्थक रोमन अक्षरांची माळ. फाइल गेली म्हणून लोक हबकतात. ती गेलेली नसते, फॉन्ट टाकला की मजकूर जागेवर असतो.

याहून चोरटा प्रकार ऑटोकरेक्टचा. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करायची वर्डची सवय जुन्या डीटीपी ऑपरेटरांनी पहिल्याच दिवशी बंद केलेली असते. नवं ऑफिस नव्या मशीनवर आलं की ती पुन्हा चालू. इंग्रजीत छोटं अक्षर मोठं झालं तर बिघडत नाही. जुन्या मराठी फॉन्टमध्ये मात्र छोटं आणि मोठं अक्षर म्हणजे दोन वेगळे मराठी आकार. वाक्य सुरू करताच पहिलं अक्षर भलतंच होतं आणि ऑपरेटर कीबोर्ड आपटत बसतो. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स इथे जाऊन ती खूण काढली की सुटका.

युनिकोडवाले, म्हणजे ज्यांची मराठी अक्षरं फाइलमध्ये मराठी म्हणूनच साठतात ते, यातून सुटले, पण पूर्णपणे नाही. मंगल हा फॉन्ट वर्षानुवर्षं विंडोजबरोबर आपोआप यायचा. विंडोज १० पासून तो कोकिळा, अपराजिता, उत्साह यांच्याबरोबर देवनागरीच्या ऐच्छिक फॉन्टसंचात गेला आणि त्याची जागा निर्मला यूआय या फॉन्टने घेतली. मंगलमध्ये सजवलेलं परिपत्रक नव्या मशीनवर उघडलं की वाचता येतं, पण ओळींची उंची बदलते आणि पानाची मांडणी बिघडते. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन देवनागरी फॉन्ट उतरवून घेतले, किंवा विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली, की पान बरंचसं पूर्वपदावर येतं.

शिवाय वर्ड प्रत्येक मजकुराचे दोन हिशेब ठेवतो: रोमन अक्षरांचा फॉन्ट आणि आकार वेगळा, देवनागरीसारख्या जटिल लिप्यांचा वेगळा. मराठी-इंग्रजी मिसळलेल्या पानावर आकार १४ केला तरी काही शब्द १२ वरच हटून बसतात, ते यामुळे. लिबरऑफिस या फुकट मिळणाऱ्या संचातही हीच विभागणी आहे, तिथे ऑप्शन्समधल्या लँग्वेजेस विभागात जटिल लिप्यांची खूण चालू केल्याशिवाय देवनागरीचा रकाना दिसतच नाही.

इंग्रजी मजकूर तरी कुठे सुरक्षित आहे? २००७ मध्ये वर्डचा ठरलेला फॉन्ट टाइम्स न्यू रोमनवरून कॅलिब्री झाला, २०२३ मध्ये कॅलिब्रीचा ॲप्टोस. ॲप्टोस किंचित रुंद आहे आणि जुन्या ऑफिसमध्ये तो नसतो. दोन आवृत्त्यांत एकच अहवाल वेगवेगळ्या पानांचा होतो, यामागे बहुधा एवढंच कारण असतं.

लाल पट्टी

सीएंच्या कार्यालयात अपग्रेडचा राग वेगळ्याच जागी निघतो. आयकर विवरणपत्राच्या एक्सेल युटिलिटी आणि जीएसटीची काही ऑफलाइन साधनं एक्सेलच्या मॅक्रोवर चालतात. मॅक्रो म्हणजे फाइलच्या आत लिहिलेला छोटा प्रोग्राम, त्यामुळे व्हायरस पसरवणाऱ्यांचंही ते आवडतं वाहन. म्हणून जुलै २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइल्समधले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. आधी पिवळ्या पट्टीवर एक बटण दाबलं की काम व्हायचं, आता लाल पट्टी येते आणि मॅक्रो चालू करायचं बटणच नसतं. सरकारी संकेतस्थळावरून स्वतः उतरवलेली फाइल असेल तर तिच्यावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक' वर खूण करायची. ईमेलने अनोळखी माणसाकडून आलेल्या फाइलला हे कधीही करू नये. इथे मी मायक्रोसॉफ्टच्या बाजूने आहे. त्रास खरा आहे, पण कारणही खरं आहे.

दुसरी अडचण ३२ आणि ६४ बिट या ऑफिसच्या दोन रूपांची. २०१९ च्या सुमारास ६४-बिट ऑफिस हे न विचारता बसणारं रूप झालं. कुणीतरी कधीकाळी संस्थेसाठी लिहून दिलेला पगारपत्रकाचा मॅक्रो विंडोजच्या आतल्या सोयींना थेट हाक मारत असेल, तर ६४-बिटमध्ये तो पहिल्याच ओळीवर अडतो. तो दुरुस्त करायला ओळखीचा जाणकार लागतो. तो नसेल तर ऑफिस काढून ३२-बिट टाकणं हा सरळ उपाय, आणि तसं रूप अजून मिळतं.

विकत की भाड्याने

पूर्वी ऑफिसची सीडी घेतली की विषय संपायचा. २०११ मध्ये ऑफिस ३६५ आलं, २०२० मध्ये त्याचं नाव मायक्रोसॉफ्ट ३६५ झालं. हे भाड्याच्या खोलीसारखं आहे: डागडुजी मालकाची, पण भिंतीचा रंग तो कधी बदलेल ते त्याची मर्जी. वर्गणी थांबली तर फाइल्स उघडतात, छापता येतात, बदलता मात्र येत नाहीत. एकदाच पैसे भरून घ्यायचं ऑफिस २०२४ अजूनही मिळतं, त्याला २०२९ च्या ऑक्टोबरपर्यंत सपोर्ट आहे. दुकानदार ते आपणहून सुचवेलच असं नाही. ऑस्ट्रेलियात तर तिथल्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावाच लावला. कोपायलट हा एआय मदतनीस नसलेला स्वस्त 'क्लासिक' पर्याय उपलब्ध असताना ग्राहकांना तो नीट सांगितला नाही, असा त्यांचा आरोप आहे.

या नव्या व्यवस्थेतली एकच सोय लोकांना दोन टोकांवर नेते, ती म्हणजे ऑटोसेव्ह. फाइल वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या कपाटात, असेल तर प्रत्येक बदल आपोआप साठतो. लोडशेडिंगच्या गावात याहून मोठं सुख नाही. पण मागच्या महिन्याचं बिल उघडायचं, नाव आणि रक्कम बदलायची आणि मग 'सेव्ह ॲज' करायचं, अशी ज्यांची सवय, त्यांचं मागच्या महिन्याचं बिल तोवर पुसलं गेलेलं असतं. अशा लोकांनी आधी 'सेव्ह अ कॉपी' करावं, मग हात लावावा. चूक होऊन गेली असेल तर व्हर्जन हिस्टरीतून जुनी प्रत परत मिळते. हे माहीत नसल्याने लोक पूर्ण बिल पुन्हा बनवत बसतात.

वर्गणी नको म्हणून काहीजण उलट्या वाटेने 'अपग्रेड' करतात, लिबरऑफिसकडे. पत्रं, साधे तक्ते, पीडीएफ यांसाठी ते उत्तम आहे. कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो फॉन्ट त्याच्याबरोबर येतो, त्यामुळे ओळी फारशा सरकत नाहीत. पण वर सांगितलेल्या मॅक्रोवाल्या युटिलिटी तिथे चालतील या भरवशावर राहू नका. आणि उतरवताना नाव नीट बघा. ओपनऑफिस हे जुनं भावंड अजून मिळतं, पण २०१० मध्ये बहुतेक कार्यकर्ते त्यातून फुटून लिबरऑफिसकडे गेले. ओपनऑफिसची शेवटची मोठी आवृत्ती २०१४ ची आहे आणि ते डॉकएक्स उघडतं, पण त्या साच्यात सेव्ह करत नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना झोहो या भारतीय कंपनीचा ऑफिस-संच वापरायला सांगितलं, तेव्हा शासकीय कचेऱ्यांत तिसऱ्या वाटेचे अनुभवही येत राहतील.

तुमच्याकडे अपग्रेड अजून व्हायचं असेल तर जुनं मशीन लगेच भंगारात देऊ नका. त्यावरच्या फॉन्टची यादी करा, वर्डचा 'नॉर्मल' हा टेम्प्लेट आणि स्वतः जमवलेला शब्दकोश पेनड्राइव्हवर घ्या. तुमच्या शैली आणि मॅक्रो त्या टेम्प्लेटमध्ये असतात आणि इन्स्टॉल करून देणारा मुलगा तो आठवणीने आणेल ही आशा नको. मग रोजच्या नव्हे, वर्षातून एकदा लागणाऱ्या फाइल्स नव्या मशीनवर उघडून बघा: मार्चअखेरचा ताळेबंद, वार्षिक सभेच्या नोटिसा, परीक्षेच्या प्रश्नपत्रिका.

प्रश्नपत्रिकांचं मुद्दाम म्हणतो. गणिताच्या शिक्षकांनी जुन्या इक्वेशन एडिटरने लिहिलेली समीकरणं पानावर दिसतात, पण त्यांत बदल करायला गेलं की अडतं. सुरक्षेतल्या मोठ्या फटीमुळे जानेवारी २०१८ च्या अपडेटने तो एडिटरच काढून टाकला. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये पुढे अशी समीकरणं नव्या रूपात बदलायची सोय आली. आता पाळी पब्लिशरची आहे. लग्नपत्रिका, शाळेची प्रमाणपत्रं, मंडळाची पत्रकं ज्यांनी पब्लिशरमध्ये केली, त्यांच्यासाठी तारीख ऑक्टोबर २०२६. त्यानंतर मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये तो प्रोग्राम असणार नाही. नुसत्या जपून ठेवायच्या फाइल्स आत्ताच पीडीएफ करून घ्या. ज्यांत दरवर्षी फक्त नाव आणि तारीख बदलायची असते, त्या वर्डमध्ये नव्याने मांडा किंवा लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये उघडून बघा. ड्रॉ त्या फाइल्स वाचतो, मजकुराच्या चौकटी मात्र थोड्या हाताने सरळ कराव्या लागतील.